मोजणीत सुटलेली अठरा

२ ऑक्टोबर २००५, रविवार. येना, जर्मनी

ओकच्या रोपट्यांवर पीएच.डी. करायला म्हणून इथे आले आणि तीन वर्षांनी कळलं की माझा खरा विषय हरणं आहेत. रोपटी हरणं खातात आणि मी उरलेले बुडखे मोजते. गावाबाहेरच्या टेकडीवर कुणा जुन्या सरदाराचं शिकारीचं रान होतं, ते आता शहराचं उद्यान आहे. भोवती दगडी भिंत. आत लोक फिरायला येतात, म्हाताऱ्या बाया कुत्री घेऊन येतात, आणि ठिपक्यांची हरणं हिंडतात, आपल्या चितळांची चुलत भावंडं. भिंतीमुळे त्यांना बाहेर जाता येत नाही आणि आत त्यांना खाणारं कुणी नाही. म्हणून दर शरदात मोजणी होते. रानाला साठ पोसतात. वर जितकी भरतील तितकी डिसेंबरात मारतात.

इथले वनपाल, फॉर्स्टर हेर वीगांड, एकतीस वर्षं ही मोजणी स्वतः करत आले. यंदा त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन आहे. "फ्राऊ वानखडे, तुम्ही कराल का? तुमचा हात आकड्यांवर बसलेला आहे," असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. मारायचं थोडंच आहे, मोजायचं तर आहे.

९ ऑक्टोबर, रविवार

कॉलिंग कार्ड घेऊन अकोटला फोन लावला. बाबा खूश! आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, पण त्यांना अभिमान शाळेचा नाही, जनगणनेचा. एक्क्याऐंशी, एक्क्याण्णव, दोन हजार एक, तिन्ही वेळा प्रगणक. गावाबाहेर पालं टाकून राहिलेल्या लोकांना मोजायला ते दुसऱ्यांदा गेले होते, कारण पहिल्या दिवशी एक म्हातारी लाकडं आणायला गेलेली. "कागदावर नसलेल्या माणसाला रेशन मिळत नाही, शाळा मिळत नाही, काही मिळत नाही. आपल्याला कुणी शेकडो वर्षं मोजलं नव्हतं, दीपा. म्हणून मोजणी म्हणजे चेष्टा नाही."

मी म्हटलं, "पण बाबा, इथे मोजल्यावर गोळी मिळते."

ते म्हणाले, "जागा किती आणि तोंडं किती, ते आधी नीट कळू दे. मोजताना दया करायची नाही. दया मोजून झाल्यावर."

खोकत होते. हवा बदलली म्हणाले. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, तुझी आई उपाशी ठेवते, असं म्हणून हसले. मागून आईचा आवाज, "खोटं बोलू नका!" एप्रिलमध्ये थीसिस देऊन घरी जायचं. चार वर्षं होतील बाबांना पाहून.

२२ ऑक्टोबर, शनिवार

हे आज लिहिलं नाही तर उद्या मी स्वतःलाच दुसरं काहीतरी सांगेन.

पद्धत अशी. उद्यानाचे दोन भाग आहेत, मधे भिंत आणि भिंतीत एकच फाटक. उवे हा इथला कामगार ट्रॅक्टरवरून चेस्टनट सांडत पलीकडच्या भागात जातो. हरणं त्याच्यामागे रांगेनं फाटकातून जातात. मी फाटकाशी गवताच्या भाऱ्याआड बसलेली, हातात मोजायचं यंत्र. एक हरीण, एक टिचकी.

चांगली मोजत होते. त्र्याण्णव झाली, उवे फाटक लावायला वळला आणि तेवढ्यात लंगडी आली. मागच्या डाव्या पायानं लंगडते म्हणून मी ठेवलेलं नाव. तीन वर्षं तिला बघते आहे. माझ्या रोपट्यांचं सगळ्यात जास्त नुकसान तिनंच केलंय, पोटभर शिव्या खाल्ल्यात तिनं माझ्या. यंदाचं पाडस आईआधी धावत येऊन मोजलं गेलं होतं. ते परत फिरून तिला न्यायला आलं. दोघं माझ्यापासून चार हातांवर उभी राहिली. लंगडीनं भाऱ्याचं गवत ओढून खाल्लं. आधी दुबळी मारतात, हे मला माहीत होतं.

चौऱ्याण्णव.

फॉर्मवर मी शहात्तर लिहिलं. सही केली. अक्षरही चांगलं आलं.

म्हणजे चौतीस मरायची ती सोळा मरतील. पंचशीलातलं पहिलं, जीव न घेण्याचं, राखायला चौथं, खोटं न बोलण्याचं, मोडलं. दोन्ही राखता येतील अशी सोय त्या फॉर्मवर नव्हती.

२३ ऑक्टोबर, रविवार

बाबांनी स्वतःच विचारलं, "किती भरली?"

"शहात्तर."

"एकही सुटलं नाही ना?"

"नाही."

"शाब्बास."

विषय बदलावा म्हणून मी तब्येत विचारली. "ठणठणीत," म्हणाले. आयुष्यात बाबांशी पहिल्यांदा खोटं बोलले, तेही मोजणीबद्दल. पण अठरा जीव वाचले. वाचवले मी. इतकं समाधान तर करून घेऊच शकते.

१३ नोव्हेंबर

फोन आईनंच उचलला. बाबा विहारात गेलेत. गेल्या रविवारी झोपले होते. मला हेवा वाटला, रिटायर झाल्यावर माणसाला काय काय करता येतं. दादा नागपूरहून आलाय, त्याला अकोल्यात काही काम आहे म्हणे. यामिनी वहिनीही आलीय. शाळा चालू असताना तिला रजा कशी मिळाली, विचारायचं राहिलं. सगळे तिकडे एकत्र आणि मी इथे बुडखे मोजतेय.

६ डिसेंबर, मंगळवार

शिकार आज ठेवली होती. कामाच्या वारी ठेवतात, उद्यानात लोक कमी असतात म्हणून. आजचा दिवस कुठला, हे इथे कुणाला माहीत असणार? खोलीत बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि बंदुकांच्या मागे गेले.

माझं काम नोंदीचं. हरीण पडलं की वय, वजन, जबड्याची मापं. हेर वीगांड कुबड्या घेऊन आले होते, गाडीत बसून लक्ष ठेवत होते. तिघे शिकारी. कुणी ओरडत नाही, हसत नाही. मला वाटलं होतं दारू आणि आरडाओरडा असेल. पाडसू आणि आई एकत्र असतील तर आधी पाडसू मारतात, मग आई. उलट केलं तर पाडसू मागे राहून झुरतं. हे मला फ्राऊ लोरेन्त्स या शिकारीणबाईंनी समजावलं. समजावताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मेलेल्या हरणाच्या तोंडात त्यांनी ओकची एक डहाळी ठेवली. याला इथे शेवटचा घास म्हणतात. मारणाऱ्यानं टोपी काढायची, घास द्यायचा आणि क्षणभर उभं राहायचं. सोळा वेळा झालं हे. मी सोळा वेळा उभी राहिले. डहाळ्या माझ्याच ओकच्या होत्या.

लंगडी आणि तिचं पाडसू दिसलीच नाहीत. शहाणी आहे.

संध्याकाळी अकोटला फोन. मला वाटलं बाबा दादरला असतील. चैत्यभूमी त्यांनी तीस वर्षांत एकदाही चुकवली नाही. माझ्या जन्मालाही ते तिथेच होते म्हणून आई अजून टोमणा मारते. यंदा गेले नाहीत. "पाय दुखतो त्यांचा, गर्दी फार असते," आई म्हणाली. बरं केलं, या वयात कशाला ती धक्काबुक्की.

१ जानेवारी २००६, रविवार

बाबा फोनवर आले! आवाज लहान झालाय, लाइन खराब असावी. "थीसिस पूर्ण झाल्याशिवाय यायचं नाही, मधे सोडून तर मुळीच नाही," हे दोनदा बजावलं.

"हरणं कशी आहेत तुझी?"

"मजेत आहेत, बाबा."

"मी पण."

मग आईनं फोन घेतला.

१९ जानेवारी

इतका बर्फ मी चार हिवाळ्यांत पाहिला नाही. हेर वीगांड घसरून पुन्हा हॉस्पिटलात. उवे एकटाच चारा टाकतो. आज म्हणाला, "हे बघा, साठ आहेत म्हणता, पण गवत तर ऐंशी असल्यासारखं संपतंय."

"थंडीत भूक वाढते," मी म्हणाले.

चारा साठांच्या मापानं भरून ठेवलाय. शहात्तरातून सोळा गेली, राहिली साठ. खरी किती राहिली, ते एकटी मी जाणते. अठ्ठ्याहत्तर. हे गणित मला ऑक्टोबरात यायला हवं होतं. तिसरीतलं पोर करील. मी फक्त गोळ्या मोजल्या, घास मोजलेच नाहीत. बर्फ जाईल आठवड्यात, सगळे म्हणतात.

५ फेब्रुवारी, रविवार

बर्फ गेला नाही. आज चार मेलेली मिळाली. गव्हाणीशी दांडगे नर उभे राहतात, बाकीच्यांना शिंगं दाखवून हाकलतात, आणि सरतेशेवटी उरतं ते बर्फात तुडवलेलं गवत. फरच्या झाडांची साल उभ्या हरणाच्या तोंडाइतक्या उंचीपर्यंत सोललेली आहे.

उवेला मी सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं आणि "खूप थंडी आहे," म्हणाले.

अकोटला फोन केला. बाबांना खरं सांगायचं ठरवून केला होता. ते ओरडले असते, मग काय करायचं ते त्यांनीच सांगितलं असतं. पण त्यांचं तोंड आलंय, बोलवत नाही म्हणे. दादानंच उचलला होता. अजून तिथेच आहे तो.

१२ फेब्रुवारी, रविवार

अकरा.

लंगडीचं पाडसू भिंतीच्या कडेला पडलेलं होतं. ती त्याच्याजवळ उभी होती. मला पाहून पळाली नाही, दोन पावलं सरकली फक्त. पाडसाच्या तोंडात फरच्या सालीचा तुकडा तसाच, चावताना थांबलेला. गोळीनं मेलेल्यांना शेवटचा घास मिळाला होता. मी ओकची डहाळी शोधली. खालच्या सगळ्या यांनी खाल्लेल्या, उडी मारून वरची मोडावी लागली. त्याच्या तोंडातला सालीचा तुकडा काढून तिथे डहाळी ठेवली. मग तिथेच बर्फात बसून मी मोठ्यानं रडले. कुत्रं घेऊन एक आजी चालली होती, ती थांबली आणि तिनं मला हातरुमाल दिला. मी काय केलंय हे माहीत असतं तर दिला नसता.

१९ फेब्रुवारी, रविवार

लंगडी गेली. आणखी काही लिहवत नाही.

२६ फेब्रुवारी, रविवार

हेर वीगांड काल परतले. आज कुबड्यांवर फाटकापर्यंत आले, दुर्बीण लावून गव्हाणीवरची हरणं मोजली, मेलेल्यांची यादी उवेकडून घेतली, बेरीज केली. एकतीस वर्षं मोजणारा माणूस. पुन्हा मोजली. मग दुर्बीण खाली ठेवली.

"फ्राऊ वानखडे, ऑक्टोबरात किती होती?"

"चौऱ्याण्णव."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही, तरी मी सांगितलं. त्रास होऊ नये म्हणून. मरू नयेत म्हणून. जर्मनमध्ये ते वाक्य फारच पोकळ वाटलं.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "चौतीस गोळ्या लागल्या असत्या. चौतीस क्षण. यांना सहा आठवडे लागले." मग म्हणाले, "उद्या शेजारच्या शेतावरून गवत येईल, पण फार उपाशी राहिलेल्या हरणाला ते पचत नाही, भरल्या पोटानं मरतं. अहवालात मी खरं लिहिणार. त्याखाली तुमची सही लागेल."

मी सही करीन म्हणाले. तेवीस मेली आजपर्यंत. अठरा वाचवली होती मी.

त्यांच्या गाडीत हीटर लावून बसलो. थर्मासमधला चहा त्यांनी मला दिला. बोलायचं म्हणून विचारलं, घरी सगळे ठीक? मी म्हटलं, ठीक. वडिलांचं तोंड आलंय म्हणून फोनवर येत नाहीत. आवाज जरा बारीक झालाय. बारीकही झालेत, पट्ट्याला भोक पाडलं. डिसेंबरात ते एका ठिकाणी दरवर्षी जातात तिथे यंदा गेले नाहीत. भाऊ नोव्हेंबरपासून घरीच आहे, वहिनी रजा काढून...

मराठीत हे मी कधी एका दमात म्हटलं नव्हतं. वेगवेगळ्या रविवारी वेगवेगळं ऐकलं होतं. जर्मन शब्द एकेक शोधून बोलावं लागतं, त्यामुळे प्रत्येक गोष्ट सुटी सुटी समोर आली.

हेर वीगांडनी समोरच्या काचेवरची वाफ पुसली. मग हळू म्हणाले, "फ्राऊ वानखडे. मोजा."

मी थर्मासचं झाकण त्यांच्या हातात दिलं आणि बस स्टॉपकडे धावत सुटले.

त्याच दिवशी, नंतर

दादानं उचलला. मी म्हटलं, "दादा, खरा आकडा सांग."

"कशाचा?"

"तुला माहीत आहे कशाचा."

पलीकडे तो रडायला लागला. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा आहे. स्वादुपिंडाचा कॅन्सर. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कळलं. डॉक्टरांनी तेव्हाच सहा महिने सांगितले होते.

"आता?"

"आठवडा. दोन, फार तर."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला त्रास होऊ नये म्हणून."

मी त्याला वाटेल ते बोलले. आईलाही बोलले. सहा महिने तुम्ही सगळ्यांनी मला मूर्ख बनवलं, तुम्हाला काय अधिकार होता! आई फक्त म्हणत राहिली, "माय, त्यांनी शपथ घातली होती." मग मी फोन ठेवला आणि थोड्या वेळानं मला कळलं की दादाचं ते 'त्रास होऊ नये म्हणून' दुपारी मीच दुसऱ्या कुणालातरी ऐकवलं होतं. अगदी हेच.

परवाचं तिकीट मिळालं. उद्या आधी सही करून जायचं.

३ मार्च, शुक्रवार. अकोट

अकोल्याहून जीपनं दुपारी पोचले. दारात आई. अंजनाबाई कधी कुणासमोर रडत नाहीत अशी तिची ख्याती, ती माझ्या खांद्यावर कोसळली.

खाटेवर बाबा नव्हतेच, त्यांच्या जागी कुणीतरी हाडांचं माणूस होतं, आणि ते माणूस बाबांच्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहत होतं. म्हणाले, "थीसिस?"

"होईल, बाबा."

"मधेच आलीस."

"हो."

एवढ्यानंच दमले.

४ मार्च, शनिवार

सकाळी बरं असतं त्यांना, वहिनी म्हणाली. म्हणून सकाळी सांगितलं. खाटेशी बसले, चमच्यानं पाणी देत देत सगळं सांगितलं. फाटक, लंगडी, शहात्तर, गवत, पाडसाच्या तोंडातली साल. मजेत आहेत म्हटलं तेव्हा ती उपाशी होती हेही.

त्यांनी डोळे मिटले होते. झोपले असं वाटलं.

"अठरा सुटली," ते म्हणाले.

"सोडली, बाबा. मी सोडली."

बाहेर शेजारची बाई सांडगे घालत होती, कावळ्यांना हाकलत होती. बाबांचा हात चादरीवरून सरकत माझ्या मनगटापर्यंत आला. त्या हाताला वजनच नव्हतं.

"मी पण," म्हणाले. "मोजताना दया केली, दीपा. चूक झाली."

मी नाही नाही म्हणत होते. त्यांनी मान हलवली, वर्गात चुकलेल्या उत्तरावर हलवायचे तशी. मग पाणी मागितलं.

७ मार्च, मंगळवार

काल दिवसभर त्यांच्याशी बोलले. ते ऐकत होते की नाही माहीत नाही. येनाच्या नदीबद्दल सांगितलं, बसच्या वेळा सांगितल्या, हातरुमाल देणाऱ्या आजीबद्दल सांगितलं. चार वर्षांचं पाच दिवसांत बसवायचं म्हणजे घाई होते. आज त्रिसरण म्हटलं तेव्हा ओठ हलले.

८ मार्च, बुधवार

बाबा गेले. सकाळी सव्वानऊला. तोंडात शेवटचं पाणी मी घातलं.

११ मार्च, शनिवार

भेटायला माणसं येतायत. सतरंजी टाकलीय, लोक येतात, बसतात. त्यांच्या शाळेतले मास्तर, विहारातल्या बाया, आणि आज पालांमधल्या त्या म्हातारीचा नातू आला होता. त्याला आता पक्कं घर आहे, रेशनकार्ड आहे. माझ्या आजीला तुमच्या बाबांनी लिहिलं होतं, इतकंच म्हणाला आणि कोपऱ्यात बसून राहिला.

हेर वीगांडचं ईमेल दादानं सायबर कॅफेतून छापून आणलं. बर्फ वितळतोय. अखेरची मोजणी: त्रेपन्न जिवंत, पंचवीस मेली. शेवटी लिहिलंय, तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटतं, पोचलात हे बरं झालं, ओकला खालून नव्या कळ्या दिसतायत.

येणारा प्रत्येक जण सतरंजीवर टेकला की एकच प्रश्न विचारतो, "किती दिवस आजारी होते हो?" सहा महिने आईनं सगळ्यांना एकच उत्तर दिलंय, त्याची सवय झालीय तिला. आजही ती म्हणाली, "थोडेच दिवस. फार त्रास नाही झाला."

विचारणारी बाई मान हलवत होती. मी पलीकडे चहाचे कप गोळा करत होते. कप खाली ठेवले.

"सहा महिने, काकू," मी म्हणाले. "मला त्यातले पाच दिवस मिळाले."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग पदर तोंडाला लावून, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, सगळ्यांसमोर रडायला लागली.